आजींनी जास्त भरले, तुमच्या हातात कमी आले

विलेपार्ल्याच्या एका गायन शिक्षिकेचं पत्र आलं आहे. बावीस वर्षं त्या घरीच वर्ग घेतात. दहा महिन्यांपूर्वी भाच्यानं त्यांना अ‍ॅप करून दिलं. रेकॉर्ड केलेले पाठ, रियाजासाठी तानपुरा, दर रविवारी सगळ्यांचा एकत्र ऑनलाइन वर्ग आणि महिन्यातून दोनदा प्रत्येकाला अर्धा तास स्वतंत्र शिकवणी, सगळं मिळून महिना ७९९ रुपये. आज अ‍ॅपवर ११० विद्यार्थी आहेत, त्यातले ४० आयफोनवाले. "आयफोनवरच्या ७९९ मधले दोनशेचाळीस स्टोअर कापतं, अँड्रॉइडवर एकशेवीस," असं त्या लिहितात. स्टोअर म्हणजे फोनमधलं अ‍ॅपचं दुकान, आयफोनवर अ‍ॅपलचं, अँड्रॉइडवर गुगलचं. म्हणून ज्यांनी 'काही कमी होईल का' असं विचारलं, त्यांना त्यांनी वेबसाइटवरून ५९९ मध्ये घेतलं. ज्यांनी विचारलं नाही, ते ७९९ भरत राहिले. बोरिवलीच्या एक आजी नातीसाठी आयफोनवरून आठ महिने ७९९ भरत होत्या. त्यांच्याच मजल्यावरची मुलगी ५९९ भरते हे कळल्यावर त्यांनी फोन केला, "बाई, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाल्या आणि ठेवला. भाचा म्हणतो, अ‍ॅपमध्येच यूपीआयचा क्यूआर टाकू. यजमान म्हणतात, अ‍ॅप बंदच कर. शिक्षिका विचारतात, "मी आजींना फसवलं का? की या कंपन्या मला लुटतायत? आता करू काय?"

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचून मी आधी कागद-पेन घेऊन बसले. आजींनी आठ महिन्यांत ६,३९२ रुपये भरले. करांचा भाग बाजूला ठेवून ढोबळ हिशेब केला, तर त्यातले सुमारे १,९१८ स्टोअरकडे गेले आणि तुमच्या हातात ४,४७४ पडले. शेजारच्या मुलीनं तेवढ्याच काळात ४,७९२ भरले असते आणि पेमेंट गेटवेचा, म्हणजे ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या सेवेचा, किरकोळ खर्च सोडला तर ते जवळपास सगळे तुम्हाला मिळाले असते. म्हणजे आजींनी १,६०० जास्त मोजले आणि त्यांच्याकडून तुम्हाला तीनशेच्या वर कमी आले. हे आजींना ठाऊक नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र आहे, की ते १,६०० तुमच्या कपाटात आहेत. "तुम्हीसुद्धा" हा शब्द त्या समजुतीतून आला आहे, आणि तो तुम्हाला इतका लागला यातच तुमची नियत दिसते.

तरीही एका जागी तुम्हाला थांबवते. तुम्ही लिहिता, दोन दर ठेवले म्हणून हे झालं. मला तसं वाटत नाही. दोन दर मुंबईकराला नवे नाहीत. उडप्याच्या हॉटेलात खालच्या हॉलमध्ये एक दर आणि वरच्या एसीत दुसरा, हे आपण लहानपणापासून पाहतो आणि कुणी भांडत नाही, कारण दोन्ही दर मेन्यूकार्डावर छापलेले असतात. तुमच्याकडे विचारणाऱ्याला ५९९ आणि गप्प बसणाऱ्याला ७९९ असं झालं. विचारायला संकोच वाटतो तो बहुधा वयानं मोठा असतो, किंवा तुमच्यावर पूर्ण विश्वास टाकलेला असतो. आजी दोन्ही होत्या. पैशाच्या बाबतीत तुम्ही त्यांना फसवलं नाही. सांगायचं मात्र राहून गेलं, आणि ते भरून काढता येण्यासारखं आहे.

न सांगण्यामागे तुमचंच सगळं चुकलं असंही नाही. आपल्याकडच्या अ‍ॅपलच्या स्टोअरमध्ये अशा अ‍ॅपला 'बाहेर हेच स्वस्त मिळेल' असं आतल्या पडद्यावर लिहिता येत नाही. दुकानदारानं स्वतःच्याच गिऱ्हाइकाला खरा भाव सांगू नये, हा नियम मला मनापासून अन्यायाचा वाटतो. याच प्रकारच्या अटींवर जगभर खटले चालले आहेत. अमेरिकेत एपिक ही गेम कंपनी ऑगस्ट २०२० मध्ये अ‍ॅपल आणि गुगल दोघांविरुद्ध कोर्टात गेली, ती यातूनच. पण ही बंदी अ‍ॅपच्या आतल्या पडद्यापुरती आहे. ग्राहकानं स्वतःहून दिलेल्या ईमेलवर किंवा फोनवर, अ‍ॅपच्या बाहेर, दुसऱ्या पर्यायाची माहिती द्यायला अ‍ॅपलनंच २०२१ पासून मोकळीक दिली आहे. तुमच्या पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेच. त्यावर दोन्ही दर लिहायला तुम्हाला कुणाचीही आडकाठी नव्हती.

आता ते दोनशेचाळीस. पत्रातल्या या आकड्यावर मी अडकले. ७९९ चे तीस टक्के होतात २३९ रुपये ७० पैसे, म्हणजे तुमच्याकडून आयफोनच्या बाजूला पूर्ण तीस टक्के कापले जातायत. ते तसे कापले जायला नकोत. ज्यांची स्टोअरमधली वर्षाची मिळकत दहा लाख डॉलरच्या आत आहे, अशा छोट्या अ‍ॅपवाल्यांसाठी अ‍ॅपलनं १ जानेवारी २०२१ पासून पंधरा टक्क्यांची योजना चालू केली आहे. तुम्ही त्या मर्यादेच्या जवळपासही नाही. पण ही सवलत आपोआप लागू होत नाही, नाव नोंदवावं लागतं. भाच्यानं अ‍ॅप मनापासून केलं असेल, हा एक अर्ज मात्र राहिलेला दिसतो. त्याला रागावू नका, आजच बसवून तो भरून घ्या. चाळीसही आयफोनवाले स्टोअरमधूनच भरत असतील, तर फरक महिन्याला ४,७९४ रुपये होतो, वर्षाला साडेसत्तावन्न हजारांच्या वर. मागचे कापलेले परत येतील अशी आशा धरू नका, पुढचे तरी वाचतील. नोंदणी नसली तरी एखादा वर्गणीदार सलग एक वर्ष टिकला, की त्याच्यापुरता दर पंधरावर येतो. तुमच्या अ‍ॅपला वर्षच झालेलं नाही, म्हणून सगळेच अजून तिसात अडकलेत. गुगलच्या बाजूचे एकशेवीस बरोबर आहेत. तिथे सबस्क्रिप्शनला १ जानेवारी २०२२ पासून पहिल्या दिवसापासूनच पंधरा टक्के आहेत.

"या कंपन्या मला लुटतायत का?" याचं उत्तर द्यायला मला वाशीच्या मार्केटची आठवण झाली. भाजीपाल्यावरची अडत, म्हणजे दलालाचं कमिशन, वर्षानुवर्षं शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जायची. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की ती खरेदीदाराकडून घ्यायची, आणि व्यापाऱ्यांनी बंद पुकारला. त्या दिवसांत आमच्या भाजीवालीला मी विचारलं होतं, आता कुणाच्या खिशातून जाणार? ती म्हणाली, "ताई, नाव कुणाचं बी लावा, शेवटी गाडीवर भावातच दिसतं." अ‍ॅपचं तसंच आहे. कागदोपत्री कमिशन तुम्ही देता, आजींच्या पावतीवर त्याचा उल्लेखही नसतो, पण ते ७९९ मध्ये बसलेलं असतं. मोठ्या कंपन्याही हेच करतात. एक्सनं, म्हणजे तेव्हाच्या ट्विटरनं, फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतात सशुल्क सेवा आणली, तेव्हा वेबवर महिना ६५० आणि मोबाइल अ‍ॅपमधून ९०० असा भाव लावला. नेटफ्लिक्सनं २०१८ च्या अखेरीस आयफोनच्या अ‍ॅपमधून नवे ग्राहक घेणंच थांबवलं. ज्यांचं नाव घराघरात पोचलेलं आहे, त्यांना हे परवडतं.

तेव्हा लूट की सेवा, हे ठरवायला एक काम करा. ११० नावांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, हा माझ्यापर्यंत कसा आला. पार्ल्याच्या जिन्यावरून वर आलेले, जुन्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचे, गणेशोत्सवात तुमचा कार्यक्रम ऐकून आलेले, हे सगळे तुमचे तुम्ही जोडलेत. त्यांच्यासाठी स्टोअरनं अ‍ॅप उतरवून घ्यायची सोय दिली, एवढंच. त्यांच्या फीमधले महिन्याच्या महिन्याला तीस टक्के कापले जाणं मला जड वाटतं. पण नाशिकचा किंवा बंगळुरूचा कुणी रात्री दहाला 'तानपुरा' असं शोधून तुमच्यापर्यंत आला असेल, तर तो स्टोअरनं आणलेला माणूस आहे. त्यानं तुमचं नावही कधी ऐकलं नव्हतं, तरी पैसे भरले, कारण पैसे स्टोअरकडे जाणार होते आणि रद्द करणं त्याच्या हातात होतं. त्या विश्वासाचे पंधरा टक्के मला रास्त वाटतात. या यादीत तुम्हाला तुमचा धंदा जसा दिसेल तसा एरवी दिसणार नाही, कारण अ‍ॅपलकडून पैसे भरणाऱ्याचं नाव किंवा ईमेल तुमच्या हातात येत नाही. येते फक्त रक्कम.

आता मुख्य उपाय. तुम्ही ७९९ मध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात, आणि त्या तिन्हींना एकच नियम नाही. रेकॉर्ड केलेले पाठ आणि तानपुरा हे अ‍ॅपमधलं डिजिटल सामान, त्यावर कमिशन लागणारच. रविवारचा एकत्र वर्गही त्यातच येतो. पण एकाच गुरूनं एकाच शिष्याला समोरासमोर, त्याच वेळी दिलेली ऑनलाइन शिकवणी अ‍ॅपलच्या नियमात वेगळी धरली आहे. तिचे पैसे स्टोअरच्या बाहेर घ्यायला परवानगी आहे. एकास अनेक असेल तर ती सूट नाही. आणि तुमच्या घरी, सतरंजीवर बसून शिकवता त्या वर्गाच्या फीचा तर स्टोअरशी काही संबंधच नाही, तशी कपड्याला, जेवणाच्या डब्याला किंवा टॅक्सीला ही कात्री लागत नाही. तुमच्या सगळ्यात मोलाच्या कामावर, म्हणजे त्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या स्वतंत्र शिकवणीवर, तुम्ही गरज नसताना कमिशन भरत आलात.

गाठोडं सोडा. पाठ, तानपुरा आणि रविवारचा वर्ग अ‍ॅपमध्ये ३४९ ला ठेवा. स्वतंत्र शिकवणीचे ३०० महिन्याच्या सुरुवातीला थेट यूपीआयनं घ्या आणि ती शिकवणी अ‍ॅपच्या बाहेर साध्या व्हिडिओ कॉलवर द्या, म्हणजे दोन्हीकडच्या फोनवाल्यांचा प्रश्नच उरत नाही. पंधरा टक्क्यांची नोंदणी झाली, की ३४९ मधले सुमारे ५२ जातील. विद्यार्थ्याला एकूण ६४९ पडतील आणि तुमच्या हातात जवळपास ५९७ येतील. आजवर आजी ७९९ देत होत्या आणि तुम्हाला ५५९ मिळत होते. मग वेबसाइटवरचा वेगळा दर मिटवून टाकायचा की ५९९ राहू द्यायचा, हे तुम्ही ठरवा. माझं मत विचाराल तर सगळ्यांना एकच ६४९ ठेवा. पन्नास रुपयांसाठी दोन भाव सांभाळण्यात तुमचा जीव जाईल, आणि रियाज घेणाऱ्या माणसानं तो हिशेब डोक्यात घेऊन बसू नये. ज्यांना आजवर ५९९ पडत होते त्यांना एक महिना आधी सांगा, कारणासकट.

भाच्याचा क्यूआर मात्र नको. अ‍ॅपच्या आत डिजिटल पाठांसाठी स्वतःचा क्यूआर लावणं हा सरळ नियमभंग आहे आणि अ‍ॅप काढून टाकलं जाऊ शकतं. १ मार्च २०२४ ला गुगलनं फीच्या वादात भारतातल्या काही नावाजलेल्या कंपन्यांची अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढून टाकली होती, त्यात लग्न जुळवणारी होती, नोकऱ्यांची होती. केंद्र सरकारनं लक्ष घातलं तेव्हा काही दिवसांत ती परत आली. तुमच्या अ‍ॅपसाठी दिल्लीत कुणी बैठक घेणार नाही, ताई. भाच्याला त्याच्या हौसेला वाव हवाच असेल तर एक रीतसर वाट आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या पेमेंटच्या अटींवरून गुगलला ९३६ कोटी ४४ लाखांचा दंड केला. मार्च २०२५ मध्ये अपिलात तो २१६ कोटी ६९ लाखांवर आला. या वादातूनच भारतात अँड्रॉइड अ‍ॅपला गुगलच्या बरोबरीनं स्वतःची पेमेंट पद्धत दाखवायची सोय झाली. त्या मार्गानं आलेल्या पैशावर गुगल चार टक्के कमी घेतं, पंधराचे अकरा होतात. पण त्यातून गेटवेचा खर्च आणि जोडणीचं काम वजा केलं, की अँड्रॉइडवाल्या सत्तर विद्यार्थ्यांसाठी फारसं उरत नाही. आत्ता तरी त्यात पडू नका.

यजमानांनी सुचवलेलं, अ‍ॅप बंद करायचं, तेही नको. लांबचे विद्यार्थी तुटतील. शिवाय स्टोअरची एक गोष्ट ग्राहकाच्या बाजूची आहे, ती तुम्ही उचलावी असं मला वाटतं. तिथे दोन बोटांत वर्गणी रद्द होते, कुणाला फोन करून कारणं द्यावी लागत नाहीत. थेट फी घेणाऱ्या वर्गांकडे नेमकी हीच अडचण होते. ओळखीमुळे लोक 'सोडतो' म्हणायला बिचकतात आणि महिनोन्महिने भरत राहतात. तुमच्या ३०० च्या शिकवणीला 'पुढच्या महिन्यापासून नको' असा एक मेसेज पुरेल, असं स्वतःहून लिहून ठेवा. सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा पद्धतींची यादी अधिसूचित केली, त्यात रद्द करणं मुद्दाम अवघड करून ठेवणं ही एक आहे. तुम्ही तसं काही केलेलं नाही, पण फी थेट घ्यायला लागलात की ही जबाबदारी तुमची होते.

आता जरा आजींच्या बाजूनं, कारण या सदराचे बरेचसे वाचक तुमच्यापेक्षा त्यांच्या जागी आहेत. माझ्या आईनं फोनवर भजनांचं एक अ‍ॅप घेतलं होतं, महिना १९९. दोन महिन्यांनी कंटाळून तिनं ते काढून टाकलं. अ‍ॅप गेलं म्हणजे वर्गणी गेली, असं तिनं धरलं. बँकेचं पासबुक भरून आणलं तेव्हा एकाखाली एक १९९ च्या पाच ओळी होत्या. तिनं चष्मा काढून पुसला, परत लावला आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मोजलं. मला तो क्षण विसरता येत नाही. तिला पैशापेक्षा जास्त लागलं ते 'मला कळलं नाही' याचं. म्हणून कळकळीनं सांगते, अ‍ॅप डिलीट केल्यानं वर्गणी थांबत नाही. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपलं नाव असतं, तिथे सबस्क्रिप्शन्स. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबलं की पेमेंट्स आणि सबस्क्रिप्शन्स दिसतं. यूपीआयनं लावलं असेल तर त्या अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते, तीही वर्षातून दोनदा उघडून बघा. फुकट चाचणीचे दिवस संपायच्या निदान एक दिवस आधी रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असा हप्ता खात्यातून जायच्या किमान चोवीस तास आधी सूचना यावी लागते, पण पंधरा हजारांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी विचारला जात नाही. त्यामुळे तो एक मेसेज हाच काय तो इशारा, आणि आईच्या फोनवर तो कर्जाच्या जाहिरातींखाली दबला होता.

नवी वर्गणी घ्यायच्या आधी त्याच सेवेची वेबसाइट उघडून भाव बघायची सवय लावा. स्वस्त दिसली तर तिथून घ्या, पण एवढं लक्षात ठेवा की जिथून घेतली तिथूनच ती रद्द होते आणि तिथेच पैसे परत मागावे लागतात. आयफोनवरून घेतलेल्या वर्गणीचे पैसे शिकवणारी बाई मनात आणूनही स्टोअरमार्फत परत करू शकत नाही, ते अ‍ॅपलकडेच मागावे लागतात. गुगलकडे मागायचे असतील तर पहिल्या ४८ तासांत मागा. कुणी दादच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आजींना १,६०० परत करायचं दडपण घेऊ नका, ते तुमच्याकडे आलेच नाहीत. दोन महिने नातीच्या स्वतंत्र शिकवणीची फी घेऊ नका, आणि ते उपकार म्हणून सांगू नका. ३४९ चा दर लावलात की आयफोनवर त्यांची पुढची वर्गणी आपोआप त्या दरानं जाईल, त्यांना फोनमध्ये काही करावं लागणार नाही.

पण हे सगळं मेसेजवर कळवू नका. पार्ल्याहून बोरिवली स्लो लोकलनं अर्ध्या तासावर आहे. वहीच्या एका पानावर आठ महिने एकाखाली एक लिहून न्या: आजींनी भरले किती, स्टोअरनं कापले किती, माझ्याकडे आले किती. खाली बेरीज करा. पान त्यांच्या हातात द्या आणि त्यांचं वाचून होईपर्यंत काही बोलू नका.